बारा आणे हुरडा

"आई, हो का नाही, एवढंच सांगा."

माझी सून विहिरीकाठच्या ज्वारीत कमरेवर हात ठेवून उभी होती आणि माझ्या हातात कणीस होतं. पौषातली सकाळ. डोक्याला मी मुलाचा मफलर गुंडाळलेला, त्यावर पदर, म्हणजे एकूण अवतार बुजगावण्याचा. कणसातला एक दाणा काढून नखाने दाबला. दूध आलं, म्हणजे अजून कच्चा. दुसरा दाबला, त्यात दूध नव्हतं, मऊ लगदा होता, म्हणजे हुरडा तयार. तिसरा या दोघांच्या मधला कुठला तरी.

"हो का नाही?"

"थोडं हो," मी म्हटलं.

"थोडं हो म्हणजे काय? रविवारी पुण्याहून गाडीभर बायका यायच्या आहेत. त्यांना काय कळवू? थोड्या या?"

ती चिडली होती, आणि तिचं चिडणं बरोबर होतं. आदल्या वर्षी तिने शेतावर हुरडा पार्टीचा घाट घातला होता. निंबाखाली सतरंज्या, आगटी, शेंगदाण्याची, कारळाची आणि लसणाची चटणी, गूळ, गोडीशेव, माठात ताक. सगळं होतं, फक्त हुरडा नव्हता. पाहुण्या आल्या तोवर ज्वारी निबर होऊन गेली होती. त्यातल्या एका गॉगलवाल्या बाईंनी स्वतःचा व्हिडिओ काढला. तोंड गाईसारखं हलवत, डोळे अर्धवट मिटून, खाली लिहिलेलं, 'आज आमचा रवंथ.' तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आला. माझी सून त्या दिवशी जेवली नाही.

यंदा तिने स्वतः त्याच बाईंना फोन केला होता. "एकदा परत या. आवडलं नाही तर पुन्हा कधी बोलावणार नाही." आणि घरात माझ्या मुलाने जाहीर करून टाकलं होतं की रविवारी जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी कुट्टीचं मशीन रानात घालायचं, सगळी ज्वारी हिरवी कापायची आणि गाईंसाठी मुरघास करायचा. मशीनवाल्याला त्याने सांगूनही ठेवलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं, गाई व्हिडिओ काढत नाहीत.

म्हणजे प्रश्न एका रविवारचा होता आणि उत्तर गुरुवारपर्यंत हवं होतं, कारण त्यानंतर पुण्याच्या बायकांना दिवस बदलता येणार नव्हता.

आता माझ्याबद्दल सांगते. मी श्रीरामपूरला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इकडे नगरच्या बाजूला सासरच्या गावी परत आले. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीत चढल्यावर तोंडातून अजून 'एक नगर' असंच येतं.) त्या काळची मी कशी होते म्हणून सांगू? कडक इस्त्रीची कॉटनची साडी, घट्ट अंबाडा आणि पर्समध्ये फूटपट्टी. शपथ. फूटपट्टी. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक रेघ असते आणि ती कुठे मारायची ते मला ठाऊक आहे, अशी त्या बयेची खात्री होती. पस्तीसला पास, चौतीसला नापास, आणि चौतीसवाला पोरगा रडत आला तर ती त्याला म्हणायची, "रडण्यालाही मार्क नाहीत."

हीच फूटपट्टी घेऊन ती लग्नाला उभी राहिली होती. नवरा उंच हवा. उंच म्हणजे किती? पाच फूट सहा इंच आणि त्याच्या वर. त्याखाली सगळे बुटके. वडिलांनी आणलेलं एक चांगलं स्थळ अर्ध्या इंचाने बुटकं निघत होतं. वडिलांनी त्या गृहस्थांना चपला घालूनच बैठकीत यायला सांगितलं. चपला घालून घरात आलेला नवरामुलगा पाहून आई हबकली, मी मात्र खूष. उंच आहे! लग्नानंतर तो अर्धा इंच कुठे गेला हे विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि सांगायची घाई यांनाही झाली नाही. हे आता नाहीत. पण कुठल्याही गोष्टीला यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "हाय की थोडं." भूक लागली का? हाय की थोडी. ताप आहे का? हाय की थोडा. मी डोकं आपटून घ्यायचंच बाकी असायचं. थर्मामीटर हातात असताना माणूस 'थोडा' म्हणतो म्हणजे काय?

आणखी एक सांगते आणि मग रानात परत जाते. एकदा कॉलेजात बाहेरचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. ते म्हणाले, एखादी गोष्ट संचात आहे किंवा नाही असं दोनच प्रकारे का बघायचं? ती थोडी असू शकते, बरीचशी असू शकते. याला धूसर संच म्हणतात. मी ताडकन उभी राहिले आणि विचारलं, "सर, मग तुमच्या संचात विद्यार्थी पास का नापास?" हॉल हसला. टाळ्या पडल्या. मी खाली बसताना साडीच्या निऱ्या अशा सावरल्या की जणू गणिताची अब्रूच सावरली. त्या बयेला आज माझ्यासमोर उभी करा. तिच्या हातात ते कणीस देते आणि विचारते, सांग, हो का नाही?

मंगळवारी संध्याकाळी आमची परिषद भरली. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी माझी नात सुट्टीला आली होती आणि तिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता. तिला सेमिनारला विषय काय मिळावा? माहितीतले नियम धूसर संचांनी कसे पारखायचे! तिने तो मला आल्या दिवशीच सांगितला होता आणि मी 'हं' करून सोडून दिला होता. कारण अंबाड्यातली ती बया अजून थोडी शिल्लक आहे.

तेवढ्यात शेजारच्या घरातून माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या. त्या अंगणात न थांबता सरळ स्वयंपाकघरात येतात आणि आधी निकाल देतात, मग विषय विचारतात.

"रईवार पुढं ढकल," त्या सुनेला म्हणाल्या. "थंडी लई हाय. थंडी पडली की हुरडा लांबतो. आजवर ह्यो नेम चुकला न्हाई."

"बघा आई," सून माझ्याकडे वळली. "मोठ्याई ढकल म्हणतात. हे कुट्टी कर म्हणतात. तुम्ही थोडं हो म्हणता."

"आज्जी," नात एकदम म्हणाली, "हा नियम आपण तपासू या ना. माहिती आहे की आपल्याकडे!"

आणि खरंच होती. सूनबाईच्या गटातल्या बायका दोन हिवाळे ग्रुपवर रोज आपल्या आवाजात निरोप टाकत होत्या. कुणाचं रान कुठल्या गावात, पेरा कधीचा, आज कणीस कसं आहे. "आमचं वड्याकाठचं अजून चिकात, नुसतं दूध." "आमचं बरंचसं आलं." "थोडं निबराया लागलंय बाई, या लवकर." थंडीचं तापमान मोबाईलवर मिळत होतं. मी खुर्ची पुढे ओढली. कितीतरी वर्षांनी बोटांना ती खाज सुटली.

पहिला डाव मी टाकला, आणि अर्थातच फूटपट्टीने टाकला. रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली म्हणजे थंडी, वर म्हणजे नाही. हुरडा नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा आला तर लांबला, नाहीतर नाही. नातीने मशीनला सांगितलं, मशीनने हिशेब केला. जाऊबाईंचा नियम आपटला.

"बघा आक्का!" मी टाळी वाजवली.

"आज्जी, थांब," नात म्हणाली. तिने दहाचे अकरा केले. फक्त एक अंश. नियम धडधडीत पास.

जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. "एका अंशात मी खोटी आन एका अंशात खरी व्हय गं? आन सव्वा दहाला काय, पोरं आंगात सदरा न घालता हिंडत्यात का?"

सव्वा दहाची रात्र आणि पावणेदहाची रात्र, दोन्ही रात्री मी तोच मफलर गुंडाळते.

नात म्हणाली, "म्हणून तर धूसर. थंडी आहे का, असं नाही विचारायचं. किती थंडी आहे, असं विचारायचं. प्रत्येक रानाला शून्य ते एक यामध्ये आकडा द्यायचा. पण या निरोपांना आकडे कसे देऊ? 'बरंचसं आलं' म्हणजे पॉईंट किती?"

"बारा आणे," जाऊबाई म्हणाल्या.

"काय?"

"बरंचसं आलं म्हंजे बारा आणे. निम्मं म्हंजे आठ. 'आलंच म्हना की' म्हंजे चौदा. तलाठी येऊन आणेवारी लावत न्हाई का पिकाची? तसंच."

नातीचं तोंड उघडं राहिलं. मग ती खुर्चीतून उठली आणि मोठ्या आजीच्या गळ्यातच पडली. "अगं, हेच! हेच आहे ते! सेमिनारला मी हे सगळं केवढ्या अवघड इंग्रजीत लिहिलंय!"

"सोड गं, ताक सांडंल."

सोळा आण्यांचा रुपया नातीने कधी पाहिलेला नव्हता. तिला समजावलं. पुढच्या तासाभरात आमच्या टेबलावर जी काही आरडाओरड झाली, ती कुठल्याच परिषदेत झाली नसेल. नात एकेक निरोप मोबाईलवर लावायची आणि आम्ही आणे लावायचो. "थोडं निबराया लागलंय." "तीन आणे निबर." "तीन न्हाई, चार. ती बाई कमीच बोलती, मला ठाव हाय." सूनही पोळ्या लाटता लाटता बोली लावायला लागली. आणि माझ्या मनात एक गोष्ट लख्खकन उजळली. उद्या पाऊस बारा आणे, असं कुणी म्हटलं तर उद्या पाऊस येईल नाहीतर येणार नाही, दोन्हीपैकी एक होईल आणि आणे संपतील. पण हुरडा बारा आणे आलाय, हे आत्ताचं आहे. ते तुमच्या हातात आहे, ते दाबता येतं. त्यात अंदाज नाही, तेवढाच तो हुरडा आहे. यांचं 'हाय की थोडं' हे टाळाटाळ नव्हतं हो. ते मोजमाप होतं. (अर्थात ताप एकशे दोन असताना ते मोजमाप चुकलेलं असायचं. मेलेल्या माणसाला उगाच सगळे मार्क द्यायचे नाहीत.)

बुधवारी आम्ही नियम पारखायला बसलो आणि तिथे मी माझी मोठी कामगिरी केली. म्हणजे मोठी चूक.

नातीने पद्धत सांगितली. प्रत्येक रान म्हणजे एक रुपया. तो नियमाच्या बाजूने किती आणे आणि विरुद्ध किती आणे, ते वाटायचं. एका बाईचं रान घेतलं. तिथे थंडी बारा आणे होती आणि हुरडा लांबला होता फक्त चार आणे. थंडी असून लांबला, ती बाजू बाराचा पाव हिस्सा, म्हणजे तीन आण्यांची निघाली. थंडी असून लांबला नाही, ते विरुद्ध, नऊ आणे. झाले बारा. आणि उरलेले चार?

"तेही बाजूनेच," मी ऐटीत म्हटलं. "नियम मोडला कुठे? थंडी पडली तर लांबतो, असं आक्का म्हणतात. जिथे थंडीच पडली नाही तिथे नियम मोडायचा प्रश्नच येत नाही. न मोडलेला नियम खरा. हे तर्कशास्त्र आहे, मी तीस बॅचेसना शिकवलंय."

नात जरा घुटमळली, पण आजीपुढे काय बोलणार. तिने तसंच भरलं. सगळ्या रानांची बेरीज झाली. जाऊबाईंचा नियम तेरा आणे खरा निघाला! मी स्वतः अंगणात जाऊन जाहीर केलं. सुनेने मोबाईल उचलला, पुण्याच्या बाईंना रविवार बदलतोय म्हणून कळवायला. पण फोन लागत नव्हता. तेवढ्यात मुलगा गोठ्यातून चहाला आला.

जाऊबाई फुलून बसल्या होत्या. "म्या सांगितलं न्हवतं? माजा नेम मोडत न्हाई. मी बी आजवर कुनाला हारले न्हाई."

मुलगा बशीत चहा ओतत म्हणाला, "खरंय मोठ्याई. सरपंचकीला तुम्ही एकदाही हरला नाहीत. कारण एकदाही उभ्याच राहिला नाहीत."

सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या हातातला कप तसाच राहिला आणि अर्धा चहा साडीवर गेला.

"फोन ठेव!" मी ओरडले.

"लागतच नाहीये."

"बरं झालं! ठेव आधी!"

मुलाला वाटलं चहाने भाजलं, तो पाणी आणायला धावला. मी तशीच ओल्या साडीने लॅपटॉपपुढे. अगं, जिथे थंडीच पडली नाही, ते रान नियमाच्या बाजूने कसं? ते उभंच नाही राहिलं निवडणुकीला! ते ना बाजूने ना विरुद्ध, त्याला या भांडणात घेणं ना देणं. आदल्या दोन्ही हिवाळ्यांत कितीतरी गावांना थंडी जेमतेम होती. त्या सगळ्या रानांचे आणे मी जाऊबाईंच्या पदरात ओतले होते. फुकट. तीस बॅचेस!

"मला हेच म्हणायचं होतं आज्जी," नात हळूच म्हणाली. "तिसरा ढीग वेगळा ठेवतात. माझ्या सेमिनारमध्ये हेच तर आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तर्कशास्त्र म्हणालीस ना."

घ्या. फूटपट्टी अजून पर्समध्येच होती.

आता रुपयाचे तीन ढीग केले. बाजूने तीन आणे, विरुद्ध नऊ, घेणं ना देणं चार. सोळा आणे बरोबर, रुपया पुरा. असं प्रत्येक रानाचं. तिसरा ढीग बाजूला सारला आणि पहिल्या दोघांची कुस्ती लावली. जाऊबाईंच्या नियमाचे तेरा आणे उतरत उतरत आठाच्या आसपास आले. निम्मा खरा, निम्मा खोटा.

"निम्मा म्हंजे काय? मी निम्मी खोटी?" जाऊबाई उठायलाच निघाल्या.

"बसा हो आक्का. निम्मी खरी कुठं आहे ते शोधू या."

मी नातीला म्हटलं, विरुद्धच्या ढिगात ज्यांनी जास्त आणे टाकले, त्या बायकांची रानं आधी दाखव. ती एकेक नाव वाचायला लागली आणि सून चुलीपासूनच बोलायला लागली. "त्यांचं डोंगराला लागून आहे, मुरमाड… ह्यांचं माळावर… ह्या तर पाणी कुठून देणार, बोअर कोरडा…" चौथ्या नावाला तिने चिमटा खाली ठेवला. पाचव्याला ती टेबलापाशी आली.

"आई, ही सगळी कोरडी रानं आहेत."

"आता बाजूने असलेल्या ढिगातली वाच," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, इतकी मी चेकाळले होते.

ओढ्याकाठचं. विहिरीकाठचं. कॅनॉलला लागून. काळं, भारी. ओल धरणारं.

थंडी आणि ओल, दोन्ही असेल तर हुरडा लांबतो. थंडी असून पायाखाली ओल नसेल तर पीक थांबत नाही, ते आपलं तहानेने घाईत निबर होत जातं. आता कळल्यावर वाटतं, यात काय नवीन? प्रत्येकीला अर्धं अर्धं माहीत होतंच. जाऊबाईंचं सगळं आयुष्य ओढ्याकाठच्या रानात गेलं, त्यांना कोरड्या रानाची थंडी कधी भेटलीच नव्हती. नव्या नियमाचे आणे लावले. ओल किती, थंडी किती, दोन्ही मिळून किती, लांबला किती. चौदा आणे. नात टेबल बडवत होती. गोठ्यातल्या गाई माना वळवून बघायला लागल्या.

"म्हणजे मोठ्याई चौदा आणे खऱ्या," सून म्हणाली, "पण विहिरीकाठीच."

"आन माळावर?" जाऊबाईंनी विचारलं.

माळावर आमची एक पट्टी होती, त्याच पेऱ्याची. तिथे यंदा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. सतरंज्या विहिरीकाठी, निंब विहिरीकाठी, आगटीचा खड्डा विहिरीकाठी. पाहुण्या तिथेच बसणार, म्हणून कणीसही तिथलंच दाबायचं, ही आमची सगळ्यांची हुशारी.

गुरुवारी उजाडताच आम्ही माळावर गेलो. मी काठी टेकत, जाऊबाई माझ्या पुढे, कारण त्यांना माझ्याआधी पोचायचं होतं. सुनेने कणीस मोडलं, दाणा दाबला. बांधाजवळचा निबरायला लागलेला. मधल्या ओळींमध्ये शिरली, तिथला मऊ, हिरवा, नखाला लगदा लागणारा, दूध नाही. आणखी आत थोडे दुधाळ. ती सगळीकडे दाणे दाबत फिरली. आम्ही दोघी म्हाताऱ्या बांधावर उभ्या.

"किती?" मी विचारलं.

"आज नऊ-दहा असेल. थंडीने इथं काही अडवलेलं दिसत नाही." ती कणीस फिरवत म्हणाली. "रविवारी बारा होईल का?"

"माझ्या हिशेबाने होईल. बारा आणे हुरडा."

"आणि बाकीचे चार?"

"कुठे दुधाळ, कुठे निबर."

मला वाटलं ती आता म्हणेल, चार आणे म्हणजे धोका आहे, नको. तिने कणसातले निबर दाणे वेगळे काढले. मग म्हणाली, "गेल्या वर्षी मी सगळी कणसं एकाच आगटीत एकदम खुपसली. यंदा हाताने वेगळी काढीन. निबर ते गाईंना. दुधाळ कडेला, उबेवर. आलेलं तेवढं मधल्या आरात, निखाऱ्यांत. चार आणे मी सांभाळते आई. तुम्ही बारा सांभाळा."

आणि फोन काढून तिने पुण्याला कळवलं. रविवार नक्की, फक्त टोप्या आणा, सावली नाही.

शनिवारी मुलाने कुरकुर करत माळावर खड्डा खणला, सतरंज्या आणि माठ ट्रॉलीत टाकून वर नेले, आणि चार बांबूंना जुनी ताडपत्री बांधली. "सोमवारी हेच सगळं परत खाली आणायचं मलाच," तो म्हणत होता. मशीनवाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "हो, सोमवारी सकाळी या," मुलगा म्हणाला. सुनेने ते ऐकलं आणि गोवऱ्या रचत राहिली.

रविवारी मिनीबस आली. बायका उतरल्या, टोप्या, गॉगल, आणि त्यात त्या गॉगलवाल्या बाई. त्यांनी उतरल्या उतरल्या मोबाईल समोर धरला. माळ, ताडपत्री, मफलरमधली मी, सगळं टिपलं. मी मनात म्हटलं, रवंथ भाग दोन.

सून आगटीपाशी बसली होती. तिच्यापुढे कणसांचे तीन ढीग होते आणि तिची बोटं थांबत नव्हती. दाब, टाक, दाब, टाक. जाऊबाई आर फुंकत होत्या आणि मधूनच पाहुण्यांना सांगत होत्या, "माजा नेम चौदा आणे खरा निघालाय, पन तो खाली विहिरीकाठी. हितं न्हाई." पाहुण्यांना काहीएक कळत नव्हतं, त्या मान डोलवत होत्या.

पहिलं कणीस बाहेर निघालं. सुनेने ते हातावर चोळलं, चटका बसत होता तरी चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि हिरवेगार दाणे गॉगलवाल्या बाईंच्या ओंजळीत ओतले. बाईंच्या एका हातात मोबाईल होता. त्यांनी थोडे दाणे तोंडात टाकले. चावले. थांबल्या. सुनेचं फुंकणं तिथेच अडकलं. मुलगा ट्रॉलीला टेकून उभा होता, तोही सरळ झाला.

बाईंनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. "आजी, जरा धरा हो," त्या म्हणाल्या, आणि वाकून दुसरं गरम कणीस स्वतःच उचललं, कारण ते चोळायला दोन्ही हात लागतात. "आई गं, भाजलं! चटणी कुठंय? ती काळी द्या, काळी!"

मग काही विचारू नका. दुपारपर्यंत माझ्या पदरात चार मोबाईल आणि तीन गॉगल जमा झाले होते. बायका गुडघ्यावर बसून चोळत होत्या, एकमेकींच्या तोंडावर तूस उडवत होत्या. एकीला दुधाळ दाणाच जास्त आवडला, ती कडेचीच कणसं मागत होती. मीही बसले खायला. एक निबर दाणा माझ्या कवळीत असा अडकला की मला दहा मिनिटं बोलता येईना, आणि जाऊबाई म्हणाल्या, हाच खरा फायदा.

बस निघाली तेव्हा गॉगलवाल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "पुढच्या रविवारी माझ्या बहिणींना आणू का? असाच असेल ना?"

सुनेने "कळवते" म्हणून हात हलवला. मुलगा ट्रॉलीत सतरंज्या टाकत होता. तो बायकोकडे न बघता खिशातून मोबाईल काढून म्हणाला, "हॅलो, अहो, उद्या नका येऊ. पुढच्या सोमवारी बघू—"

सुनेने मोबाईल त्याच्या हातातून अलगद घेतला. "पुढच्या सोमवारीही नका येऊ," ती मशीनवाल्याला म्हणाली आणि मोबाईल परत त्याच्या खिशात ठेवला. मग ट्रॉलीला हात लावून म्हणाली, "सतरंज्या घरी नको. विहिरीकाठी न्या."

ती माझ्याजवळ आली. हात राखेने काळे, कपाळावर तूस. खाली विहिरीकाठची ज्वारी दिसत होती, अजून हिरवी, थंडीत आणि ओलीत आरामात रेंगाळलेली.

"आई," तिने विचारलं, "पुढच्या रविवारपर्यंत विहिरीकाठचं किती आणे होईल?"

कवळीतला दाणा नुकताच सुटला होता. मी जाऊबाईंकडे पाहिलं, त्या कान टवकारून उभ्या होत्या. आधी हिला नुसतं हो का नाही हवं होतं, आता ही आणे विचारत होती.

"हो," मी म्हटलं.